नेरुदांच्या आत्मचरित्रातलं एक पान

कविता वेगळी आणि कवी वेगळा, असं आपण सहज म्हणून जातो. पाब्लो नेरुदांच्या बाबतीत मला ते म्हणवत नाही. त्यांचा गुन्हा कुणा संशोधकाने खणून काढलेला नाही. त्यांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे, आणि तोही सुंदर भाषेत.

१९२९ मध्ये नेरुदा चिलीचे वाणिज्यदूत म्हणून कोलंबोत होते. समुद्राकाठच्या त्यांच्या बंगल्यात संडासाची बादली रिकामी करायला एक तमिळ स्त्री येई. जातीने अस्पृश्य. त्यांनी तिच्या वाटेवर भेटवस्तू ठेवल्या, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. एका सकाळी त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला बिछान्यावर नेलं. ती डोळे उघडे ठेवून निश्चल पडून राहिली. हे सारं १९७४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आत्मचरित्रात छापून आलं. तिने आपला तिरस्कार केला ते योग्यच होतं, असंही ते लिहितात. आणि त्याच मजकुरात तिचं शरीर दक्षिण भारतातल्या प्राचीन शिल्पांसारखं दिसू लागतं. नाव मात्र तिला नाही.

दुसऱ्यांचा मैला डोक्यावरून वाहणारी बाई कोण असते आणि ती कुणाकडे दाद मागू शकते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

चाहते म्हणतात, काळ वेगळा होता. असेल. पण तिच्या निश्चलपणाचा अर्थ नेरुदांना कळला होता. तो त्यांनीच लिहिला आहे.

कोलंबोतल्या त्या एकाकी वर्षांतल्या कविता ‘रेसिदेन्सिया एन ला तिएर्रा’ या संग्रहात आहेत. मोठ्या कविता आहेत. मी त्या वाचते, पुढेही वाचीन. वाचल्याने कुणाला माफी मिळत नाही. गौरवाचं तसं नसतं. २०१८ मध्ये सान्तियागोच्या विमानतळाला नेरुदांचं नाव देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा चिलीतल्या स्त्रिया विरोधात उभ्या राहिल्या. मला त्यांचं पटतं. विमानतळाला नाव दिलं जातं ते माणसाचं. तिथे कवितेपासून कवी वेगळा काढायची सोय उरत नाही.

आपल्याकडे नेरुदा प्रेमाने अनुवादिले जातात, वर्गांत शिकवले जातात. शिकवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: कवितांबरोबर ते पानही विद्यार्थ्यांच्या हाती द्या.