घर कोणाचे ऐकते?

अंबाजोगाईला बहिणीच्या घरी भाच्याने 'होम असिस्टंट' बसविले आहे. तळहातावर मावेल अशा संगणकावर ते चालते; दिवे, पंखे, दारे यांची खबर ठेवते. वीज गेली की मात्र तेही आमच्यासारखेच अंधारात बसते!

"मामा, इंटरनेट नसले तरी चालते. घरातली गोष्ट कोण्या कंपनीकडे जात नाही," भाचा म्हणाला. २०१३ साली पाउलस स्खाउट्सेन यांनी ते आरंभिले. त्याची घडण कोणीही वाचावी, सुधारावी. दरमहा नवी आवृत्ती निघते. उद्या कोणी धनिकाने ते विकत घेऊ नये म्हणून २०२४ साली 'ओपन होम फाउंडेशन' या संस्थेच्या स्वाधीन केले. हा निर्लोभीपणा मला मनापासून आवडला.

रात्री बहीण हळूच म्हणाली, "दादा, पहाटे तीनला मी दिवा लावला की पुण्याहून ह्याचा फोन येतो. आई, झोप नाही का?"

तक्रार होती की कौतुक, मला कळेना. परक्यांना बंद असलेले दार पोटच्या पोराला न विचारता उघडे असावे काय? भाच्याला विचारले, तर तो म्हणाला, "काळजी वाटते, मामा." काळजीपुढे कोण काय बोलणार?

"तुझ्या खोलीतला दिवा तिला दिसतो का रे?"

तो गप्प राहिला. थोड्या वेळाने आईजवळ बसून तो तिला दाखवू लागला, काय दाबले म्हणजे ही खबर बंद होते.