कुंपणाची पलीकडची बाजू

कुंपणाचा भाव रनिंग फुटावर ठरतो. लांबी किती, उंची किती, जाळी किती गेजची, खांब सिमेंटचे की लोखंडी अँगलचे, वर काटेरी तारेच्या ओळी किती, एवढं सांगितलं की ठेकेदार फोनवरच आकडा देतो. सिंधुदुर्गातल्या आमच्या घराच्या आवाराला कुंपण घालायचं ठरलं तेव्हा मी तीन जणांना विचारलं. पहिल्या दोघांच्या कोटेशनमध्ये सगळं होतं, फक्त कुंपणाची दुसरी बाजू नव्हती. निवडणार मी, पैसे देणार मी, पण त्याची अर्धी बाजू रोज बघणार शेजारचे. मग त्यांचं त्यात काही म्हणणं असावं का? जमीन माझी असताना मी त्यांना का विचारायचं?

आधी एक सांगते. कुंपण म्हणजे वाईट, मोकळं अंगण म्हणजे चांगलं, असं मला म्हणायचं नाही. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. मोकाट गुरं पोफळीची रोपं खातात. जमिनीचे भाव वाढल्यापासून मालक मुंबईत असलेल्या जागेची हद्द दर पावसाळ्यात थोडी थोडी सरकते, हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे. ‘भिंती कशाला हव्यात’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसलेला असतो. आईला रात्री शांत झोप लागावी, ही साधी आणि खरी गरज आहे.

पहिला ठेकेदार तालुक्याच्या गावचा. त्याचं काम प्रीकास्टचं: खाचा असलेले सिमेंटचे खांब उभे करायचे, त्यात तयार फळ्या वरून सरकवायच्या. सहा फूट उंच, तीन दिवसांत काम पूर्ण. दुसरा जाळीवाला. गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड, कोपऱ्यातल्या खांबाला तिरका टेकू हवाच, नाहीतर जाळी ताणली की खांब झुकतो, हे त्याने नीट समजावलं. तिसरा आमच्याच गावचा गवंडी. त्याने टेप काढला नाही. आधी सगळ्या आवारातून फिरला आणि दोनच प्रश्न विचारले. “ताई, पावसाचा पाणी खयसून जाता?” आणि मग मागच्या बाजूला बोट दाखवून, “ही वाट बंद करूची हा?”

ती वाट मोजणीच्या नकाशावर नाही. भूमी अभिलेखवाल्यांनी हद्दीच्या खुणा करून दिल्या, त्यात ती कुठेच दिसत नाही. पण मागच्या वाडीतल्या बायका, शाळेतली मुलं, काठी टेकत बस थांब्यावर जाणारे आजोबा, सगळे आमच्या आवाराच्या कडेने जातात. रस्त्याने गेलं तर बराच मोठा वळसा पडतो. आजीच्या काळापासून हे असंच चालू आहे.

मग एका वकील मित्राला विचारलं. त्याने सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. 1882च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या वाटेचा वापर सलग 20 वर्षं, उघडपणे, अडथळ्याशिवाय आणि हक्क म्हणून होत आला असेल, तर त्या वापराचा कायदेशीर हक्क तयार होऊ शकतो. पण तोच वापर मालकाच्या परवानगीने झाला असेल, तर असा हक्क तयार होत नाही. त्यामुळे त्याचा सल्ला सरळ होता: वाट बंद करायची नसेल तर नको करू, पण त्यांच्याकडून एका कागदावर सही घे, की आम्ही तुमच्या परवानगीने जातो.

वरवर पाहता हा सगळ्यात सभ्य मार्ग. कोणाची अडवणूक नाही, भांडण नाही, जमीनही सुरक्षित. तरी मला तो कागद सहा फुटी भिंतीपेक्षा उंच वाटला. भिंत निदान सरळ सांगते की इथून जाऊ नका. तो कागद सांगतो की जा, पण ही माझी मेहेरबानी आहे हे लक्षात ठेवा. जी वाट शेजारच्या काकी लग्न होऊन आल्यापासून स्वतःची समजून चालल्या, तिच्यावर त्या एका सहीने पाहुण्या होतील. दिसायला काहीच बदलणार नाही, वाट तीच आणि पावलंही तीच. बदलेल ते एवढंच की उद्या माझ्याशी वाद झाला तर त्यांना मान खाली घालून बोलावं लागेल. उपकार आणि हक्क यांच्यातला फरक मला त्या कागदामुळे समजला. हक्क असलेला माणूस तुमच्याशी भांडू शकतो.

रूसोने 1755मध्ये विषमतेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तो म्हणतो की ज्या माणसाने पहिल्यांदा जमिनीला कुंपण घालून ‘हे माझं’ म्हटलं आणि ज्याला त्यावर विश्वास ठेवणारी भोळी माणसं भेटली, तिथून नागर समाज सुरू झाला. आपल्याला त्यातलं कुंपण आठवतं, विश्वास ठेवणारी माणसं आठवत नाहीत. खरं तर कुंपण उभं असतं ते त्यांच्यावर. कमरेइतका गडगा शाळेतलं पोरही ओलांडतं, जाळी पक्कडीने कापता येते. रात्री आईच्या घराकडे कोणी फिरकलं तर ओरडणारी पहिली व्यक्ती मागच्या वाडीतलीच असणार. ज्यांच्या भरवशावर माझं कुंपण टिकणार, त्यांनाच बाहेर ठेवण्यासाठी ते बांधायचं, यात काहीतरी चुकतंय. ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण आपण राखणदाराच्या लबाडीसाठी वापरतो. ती इथेही लागू पडते.

अमेरिकेत 1874मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. तिथल्या गवताळ सपाट प्रदेशात कुंपणाला लाकूडही कमी आणि दगडही कमी, म्हणून तार. ती होती गुरांसाठी. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांसमोर आणि मग छळछावण्यांभोवती तीच तार माणसांसाठी वापरली गेली. तारेचा सोयीचा गुण हाच की ती कुठेही लावता येते, जागेची काही माहिती लागत नाही. गडग्याचं तसं नाही. तिथलाच जांभा, तिथलाच उतार, कुठला दगड कुठे बसेल हे हाताला कळावं लागतं. चुना-सिमेंट नसल्यामुळे फटींतून पावसाचं पाणी वाट काढतं. त्याच उतारावर सलग फळ्यांची भिंत उभी केली आणि मोरी ठेवली नाही, तर अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या पडवीत शिरतं. गवंड्याचे दोन प्रश्न खरं म्हणजे एकच प्रश्न होता: तुझ्या जागेतून जे आधीपासून वाहतं आहे, त्याचं तू काय करणार?

स्थानिक माणसाला काम का द्यावं, याचं उत्तर मला इथे मिळालं. पैसा गावात राहतो हे ठीकच. त्याहून मोठी गोष्ट ही की काम संपल्यावर त्याला त्याच वाटेने घरी जायचं असतं. कुंपणाची पलीकडची बाजू त्याला दिसते, कारण तो पलीकडे राहतो.

शेवटी तीन बाजूंना खाली गडगा आणि वर जाळी असं केलं. खर्च प्रीकास्टपेक्षा जास्त आला, वेळही पाचपट लागला. मागच्या बाजूला वाटेच्या तोंडाशी बेडं ठेवलं, गुरं अडतील आणि माणसं जातील असं. कुलूप नाही. त्या कागदावर मी कोणाची सही घेतली नाही. वकील मित्र म्हणतो, ही भावनिक गोष्ट आहे, उद्या जमीन विकायची झाली तर पस्तावशील. त्याचं म्हणणं खोटं नाही. त्या वाटेमुळे जमिनीची किंमत कमी होऊ शकते, आणि ती जमीन आईची म्हातारपणाची शिल्लकही आहे. म्हणून निर्णय आईनेच घेतला. ती म्हणाली, “त्यांका कागद दाखवचो लागलो, तर मी हय कोणाच्या भरवशार ऱ्हवायचा?”

मोजणीची खूण माझी मालकी कुठे संपते ते दाखवते. माझी जबाबदारी तिथेच संपते असं ती म्हणत नाही, आपण तसं गृहीत धरतो. कुंपण घालताना आपण ठेकेदाराला उंची सांगतो, लांबी सांगतो, रंगसुद्धा सांगतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ठरवायला हवी: हे कोणासाठी बंद आहे आणि कोणासाठी उघडं. ते ठरवायला पलीकडे जाऊन विचारावं लागतं. त्याचा भाव रनिंग फुटावर मिळत नाही.