मुका घेणेकरी

जाणूनबुजून केलेल्या जुलमाविषयी बोलणे सोपे असते. मुक्या जनावराला चाबकाने फोडून काढणारा माणूस दिसला की त्याला नावे ठेवायला कोणालाच फार विचार करावा लागत नाही. अवघड प्रश्न निराळा आहे. दुःख तर दिले गेले, पण ते देण्याचा इरादा कोणाचाच नव्हता. उलट काम भल्यासाठीच केले होते. अशा वेळी देणे कोणाचे? नाल ठोकल्यानंतर दुखऱ्या पायाने उभा असलेला घोडा हे या प्रश्नाचे साधे आणि खरे उदाहरण आहे. जुहूच्या चौपाटीवर लहान मुलांना फेरी मारून आणणारे घोडे पाहत उपनगरांतल्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. त्या पाठीवर बसणाऱ्यांपैकी किती जणांनी वाकून खुरांकडे पाहिले असेल?

हे दुखणे होते कसे, ते आधी समजून घेऊ. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखासारखीच वस्तू. बाहेरची भिंत निर्जीव, तिला कळ नसते. आतला भाग जिवंत, रक्ताने भरलेला, फार नाजूक. नालबंद जुनी नाल काढतो, वाढलेला खूर कापतो, कानशीने घासून सारखा करतो, मग नवी नाल बसवून खिळे ठोकतो. खिळा बाहेरच्या भिंतीतूनच तिरका वर निघाला पाहिजे. निर्जीव आणि जिवंत यांच्यात अंतर काही मिलिमीटरचेच. खिळा जिवंत भागात घुसला तर घोडा बहुधा तिथल्या तिथे पाय झटकतो. पण नुसता जवळून गेला तर त्या वेळी काहीच कळत नाही. काही दिवसांनी आतला दाब वाढतो आणि घोडा लंगडू लागतो. तळवा गरजेपेक्षा जास्त कापला गेला किंवा नाल तळव्यावर टेकली तरी तेच. खूर हाताला गरम लागतो, त्याच्या वरच्या बाजूची नाडी जोरात उडते, आणि घोडा तो पाय पुढे टाकून त्यावरचा भार काढून घेतो.

इथे जुहूची वाळू मध्ये येते. तळव्याचे दुखणे कडक जमिनीवर चटकन दिसते आणि मऊ जमिनीवर पुष्कळदा लपते. डांबरी रस्त्यावर पाय उचलून टाकणारा घोडा वाळूवर उतरला की बराच सरळ चालतो. वाळू त्याला थोडा आराम देते हे खरे. पण त्याच वेळी ती मालकाला, लगाम धरणाऱ्या पोराला आणि पाठीवर बसलेल्या मुलाच्या आईबापांना सबब देते: चालतोय की चांगला! आपल्या बहुतेक बेपर्वाईचे रूप असेच असते. आपण दुसऱ्याचे दुःख नाकारत नाही. ते जिथे दिसणार नाही तिथे त्याला चालवत राहतो.

मग कसूर कोणाची? मालक नालबंदाकडे बोट दाखवतो. नालबंद म्हणतो, खूरच ठिसूळ होता, त्यात घोडा हलला. लगाम धरणारा म्हणतो, आपण रोजंदारीवरचे. गिऱ्हाईक म्हणते, आम्ही पैसे मोजले. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच घोडा तसाच उभा राहतो.

फिकहच्या जुन्या विद्वानांनी हा प्रश्न वाऱ्यावर सोडलेला नाही. हनफी ग्रंथांत माणसाचा हकीम, शिंगी लावणारा हज्जाम आणि जनावराची नस उघडणारा यांना एकाच रांगेत बसवले आहे. ज्याला आपले काम येते, ज्याने परवानगीने हात लावला आणि रीतीची मर्यादा ओलांडली नाही, त्याच्यावर नुकसानीचा बोजा पडत नाही. काम येत नसताना हात घालणाऱ्यावर मात्र तो पडतो. नालबंदालाही हाच माप लावणे रास्त आहे. कुशल हातालाही प्रत्येक खिळ्यामागे दंडाची धास्ती घातली, तर हा हुन्नर कोणी शिकणारच नाही. नालबंद हे आडनाव आजही आपल्या समाजात आहे. त्यामागे पिढ्यांची मेहनत आहे.

पण हा नियम भरपाईचा आहे, कळीचा नाही. नालबंद निर्दोष ठरला म्हणून खुरातला खिळा बाहेर येत नाही. दोष कोणाचाच नसला तरी देणे उरतेच, असे आम्हांला वाटते.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात मदिनेतल्या एका बागेची हकीकत आहे. तिथल्या एका उंटाने हजरत मुहम्मद (स.) यांना पाहिले आणि तो विव्हळला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. ते त्याच्याजवळ गेले, त्याला कुरवाळले, तो शांत झाला. त्यानंतर त्यांनी विचारले की हा उंट कोणाचा. आणि पुढे आलेल्या मालकाला या जनावराच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगायला सांगितले. या हकीकतीतला क्रम आपण पुष्कळदा विसरतो. आधी हात फिरला, मग मालक कोण हे विचारले गेले. आपण उलटे करतो. आधी पंचायत भरवतो, आणि ती मिटेपर्यंत जनावर तीन पायांवर उभे असते.

दुखऱ्या खुराच्या बाबतीत हा क्रम अगदी व्यवहाराचाही आहे. घोडा कामावरून काढावा. ज्याने नाल ठोकली त्याला किंवा जनावरांच्या डॉक्टरला त्याच दिवशी बोलवावे. एकेका खिळ्यावर हलके ठोकून कुठला सलतो ते शोधावे, तो खिळा किंवा गरज पडली तर सगळी नाल काढावी. पू झाला असेल तर डॉक्टरांकडून वाट करून द्यावी, खूर स्वच्छ आणि कोरडा ठेवावा. धनुर्वाताची लस विसरू नये, कारण घोड्याला हा रोग फार लवकर गाठतो आणि सहसा सोडत नाही. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ पासून आहे. पण लंगडा घोडा जुहूहून परळला चालत जाऊ शकत नाही. म्हणून डॉक्टर खुरापर्यंत येणे हेच बरे. भांडण उद्या करता येते, खिळा आजच काढावा लागतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. आपल्याकडे म्हणच आहे, घोडे खाई भाडे. उभा घोडाही चंदी खातो. फेरीवाल्याची खरी कमाई शनिवार-रविवारची, सुट्टीची, ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. त्याच दिवशी घोडा बांधून ठेवा म्हणणे म्हणजे त्याच्या घरातली चूल थंड ठेवा म्हणण्यासारखे नाही का? पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसाला रहम शिकवू नये, हे आम्हांला मान्य आहे.

तरीही फिकहचा एक कायदा इथे आठवावा: नफा ज्याचा, जोखीमही त्याचीच. घोड्याच्या धडधाकट पायांचा फायदा ज्यांनी घेतला त्यांनी दुखऱ्या पायाचे चार दिवसही सोसायचे असतात. ती विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, घोड्याच्या मजुरीचाच एक हप्ता आहे. मात्र फायदा एकट्या मालकाने घेतलेला नाही. भाड्यात दहा रुपये कमी करायला लावणारे आपणही त्यात आहोत. मालकाकडून आरामाची अपेक्षा करायची आणि भाव मात्र पाडायचा, हे दुटप्पीपणाचे आहे.

कायदा यात किती पुरा पडतो? हनफी विद्वानांत यावर जुना मतभेद आहे. जनावराच्या चारापाण्याची जबाबदारी मालक आणि खुदा यांच्यातली आहे, काझीने सक्ती करू नये, असे एक मत. हारून रशीदच्या काळात काझींचे प्रमुख झालेले इमाम अबू यूसुफ मात्र सक्ती करावी असे म्हणत. आपल्या देशाने अबू यूसुफ यांच्या बाजूचा रस्ता धरला असे म्हणता येईल. १९६० च्या प्राण्यांविषयीच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जखमी किंवा आजारी, कामाला नालायक जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा आहे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घोडे जुंपलेल्या व्हिक्टोरिया बग्ग्या बेकायदा ठरवून त्या बंद करायला सांगितले, आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाचा विचारही सरकारवर सोपवला. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या बग्ग्या आल्या. त्यांना खूर नाहीत, हे बरेच झाले. पण कायदा धंदा बंद करू शकतो, एका विशिष्ट सकाळी एका विशिष्ट खुरावर हात ठेवून तो गरम आहे का हे पाहू शकत नाही. ते कोणा माणसानेच पाहावे लागते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांना एक जुने कोडे फार आवडते. भाकरी करपण्याचे, पान सडण्याचे आणि घोडा अडण्याचे कारण त्यात एकच असते: फिरवले नाही. उत्तर चतुर आहे. पण घोडा अडण्याला दुसरेही कारण असू शकते, ते कोड्यात नाही. न बोलणारा अडला की त्याला आपण आळशी, हट्टी ठरवतो. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलालाही हाच शिक्का लवकर बसतो. त्याला काय सलते आहे हे विचारायला वेळ लागतो, शिक्का मारायला लागत नाही.

हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे एकमेकांवरचे हक्क, यांबद्दल आपण नेहमी ऐकतो की ज्याचा हक्क बुडाला त्याने माफ केल्याशिवाय ते फिटत नाहीत. माणूस निदान दारात येऊन मागतो, भांडतो, कधी माफही करतो. घोडा यातले काहीच करत नाही. तो असा घेणेकरी आहे, जो कधी दारात येणार नाही. म्हणून त्याचे देणे त्याने न मागताच चुकवावे लागते.

तेव्हा चौपाटी असो की माथेरान, मूल घोड्यासाठी हट्ट धरील तेव्हा त्याला लगेच पाठीवर बसवू नये. घोडेवाल्याला आदराने म्हणावे, भाई, आधी जरा कडक जमिनीवर दहा पावले चालवून दाखवा. मुलालाही ते पाहू द्यावे. पाय दुखत असेल तर फेरी राहू द्यावी, आणि घोडेवाल्याला चंदीसाठी जमेल ते देऊन पुढे जावे.