बेनेडिक्टच्या नियमावलीतील नम्रता, मौन आणि अनासक्ती

पश्चिम युरोपातील ख्रिस्ती मठजीवनाला वळण लावणारी नियमावली संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीत लिहिली. 73 लहान-मोठ्या प्रकरणांच्या या लॅटिन ग्रंथात सहावे प्रकरण मौनावर, सातवे नम्रतेवर आणि तेहेतिसावे खासगी मालमत्तेवर आहे. मौन, नम्रता आणि अनासक्ती हे तिन्ही गुण मनाचे खरे. पण बेनेडिक्ट त्यांना मनाच्या भरवशावर सोडत नाहीत, दिनक्रमात बसवतात.

नम्रतेच्या त्यांनी 12 पायऱ्या सांगितल्या. बायबलमधील याकोबाला स्वप्नात दिसलेली शिडी त्यामागे आहे. मात्र इथे वर चढायचे ते स्वतःला खाली आणून. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांमध्ये राहून आलेल्या जॉन कॅसियन यांनी नम्रतेची दहा लक्षणे आधीच नोंदवली होती. स्वतःला सर्वांहून हीन मानावे, ही सातवी पायरी आजच्या वाचकाला खटकते, आणि ते स्वाभाविक आहे. नवव्यापासून अकराव्यापर्यंतच्या पायऱ्या मात्र जिभेविषयी आहेत: विचारल्याशिवाय बोलू नये, उठसूट हसू नये, बोलायचे ते मोजके आणि सौम्य. म्हणजे मौन हा नम्रतेचाच भाग ठरतो.

हे मौन अखंड नव्हे. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर बोलायला मनाई असते, पण पाहुण्यांची गरज पडली तर मोकळीक आहे. जेवताना एक जण ग्रंथ वाचतो आणि इतर ऐकतात. काही हवे असेल तर खुणेने मागायचे. उलट मठापुढे महत्त्वाचा प्रश्न आला, की सर्वांना बोलावून मत घ्यायचे. योग्य गोष्ट देव पुष्कळदा धाकट्यालाच सुचवतो, असे त्याचे कारण दिले आहे.

मालमत्तेबाबत नियम कडक आहे. पुस्तक, लिहायची पाटी, लेखणी, काहीही स्वतःचे म्हणायचे नाही. अंगरखा, पादत्राणे, पट्टा, सुरी, सुई, हातरुमाल हे सारे मठाधिपतीने द्यायचे, म्हणजे साठवायला सबब उरत नाही. तरीही कोणी काही दडवले आहे का, हे पाहण्यासाठी अंथरुणे तपासली जात.

वस्तूंपेक्षा चिवट आसक्ती स्वतःच्या कसबाची असते, हे बेनेडिक्ट यांनी अचूक ओळखले. मठातील कारागिराला आपल्या हुन्नराचा गर्व झाला, आपल्यामुळे मठाचा फायदा होतो असे वाटू लागले, तर त्याला त्या कामावरून काढायचे. तो नम्र झाला आणि मठाधिपतीने आज्ञा दिली, तरच तो पुन्हा त्या कामाला हात लावू शकतो. मठाच्या वस्तूही बाहेरच्यांपेक्षा थोड्या स्वस्त विकायच्या. तोट्याचा हा नियम लिहिणारा माणूस व्यवहार न कळणारा खचित नव्हता.

एक वाट मात्र खुली राहिली. संन्यासी निष्कांचन, पण मठाच्या सामुदायिक संपत्तीला मर्यादा नाही. देणग्यांनी मठ श्रीमंत होत गेले. 1098 मध्ये फ्रान्समधील सितो येथे मूळ नियमाकडे परतण्यासाठी नवा मठ निघाला. न रंगवलेली लोकर आणि अंगमेहनत ही त्याच्या सिस्टर्शियन पंथाची ओळख झाली. पुढे त्याच मेहनतीने पडीक जमिनी पिकल्या, मेंढ्यांचे कळप वाढले आणि इंग्लंडातील सिस्टर्शियन मठ लोकरीचे मोठे व्यापारी बनले.