घराइतकीच जागाही महत्त्वाची

गरिबांच्या घरांचा हिशेब आपण चौरस फुटांत मांडतो आणि वाटलेल्या चाव्यांचे आकडे जाहीर करतो. घर कुठे द्यायचे, हा विचार सर्वांत शेवटी होतो. मग बहुधा जिथे दुसरे कोणी राहायला तयार नसते, तीच जागा गरिबांच्या वाट्याला येते.

मुंबईच्या पूर्व उपनगरातले माहुल पाहा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशावरून हटवल्या गेल्या आणि विद्याविहार, घाटकोपरकडच्या अनेक कुटुंबांना माहुलमध्ये घरे दिली गेली. आजूबाजूला तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. इथल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटले होते. तरीही कुटुंबे तिथे पाठवली गेली. माणसे आजारी पडू लागली, तेव्हा 2018 मध्ये ती विद्याविहारला परतून रस्त्याकडेला आंदोलनाला बसली. कोणाला माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये घेतली आणि जाऊ न इच्छिणाऱ्या कुटुंबांना महिना 15 हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. पुढे 2025 मध्ये महापालिकेने तिथली रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना 12 लाख 60 हजारांत देऊ केली. मुंबईत ही किंमत नगण्य, तरी प्रतिसाद अगदी तोकडा मिळाला. ज्यांना नकार देण्याची सोय होती, त्यांनी नकार दिला. झोपडी पाडलेल्या माणसाला ती सोय नव्हती.

घर लांब गेले की संसाराची घडी विस्कटते. घाटकोपरला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची कामे सुटतात, मुलांची शाळा तुटते, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला रिक्षाचे पैसे मोजावे लागतात. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत तर इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही आणि तिथे क्षयरोग अधिक आढळतो, हे 2018 च्या एका अभ्यासात दिसले. आता धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांसाठी मिठागरांच्या जमिनी आणि देवनारच्या कचराभूमीची जागा ठरवली जात आहे. माहुलने शिकवलेले आपण इतक्यात विसरायचे का?

दोष केवळ सरकारचा नाही. आपल्या उपनगरात अशा वसाहतीचा प्रस्ताव आला की आपणही हरकत घेतो. पाणी, रस्ते, लोकल यांवरचा ताण खरा आहे आणि त्याबद्दल जाब विचारलाच पाहिजे. पण त्या हरकतीत ‘ही माणसे आमच्या शेजारी नकोत’ हा भाव किती आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. आपल्या घरी पोळ्या करणारी, आपल्या सोसायटीच्या फाटकावर रात्र जागणारी माणसे दोन तासांच्या अंतरावर राहावीत, अशी अपेक्षा धरणे अन्याय्य आहे.

मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या गृहप्रकल्पात वीस टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम महाराष्ट्राने 2013 मध्येच केला. त्यामागचे तत्त्व योग्य आहे: गरिबांची घरे शहराच्या कडेला एकगठ्ठा न रचता वस्तीत मिसळलेली असावीत. भूखंडाचे तुकडे पाडून यातून निसटणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी. आणि जागा ठरवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने सही करण्यापूर्वी एकच कसोटी लावावी: माझी मुले मी इथे वाढवीन का?

वाचकहो, तुमच्या भागाच्या विकास आराखड्यावर सूचना-हरकती मागवल्या जातील, तेव्हा गरिबांच्या घरांसाठी स्टेशनजवळची, शाळेजवळची जागा राखून ठेवा, असे एक पत्र जरूर लिहा.