यार्लूपनंतरचा हिशेब

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या दक्षिणेला, लाकडाच्या गिरणीभोवती वाढलेलं यार्लूप हे जुनं गाव 7 जानेवारी 2016 च्या रात्री जळून गेलं. दोन वृद्ध माणसं दगावली, गावात आणि परिसरात 181 मालमत्ता नष्ट झाल्या, 69,000 हेक्टरांहून अधिक जमीन होरपळली. आग लागली होती आदल्या दिवशी, दूर जंगलात वीज पडून. हाताशी वेळ होता, विमानं होती, बंब होते. तरीही यार्लूपचं नाव घेऊन स्पष्ट इशारा निघेपर्यंत फार उशीर झाला होता.

एवढा उशीर होण्याचं कारण त्या राज्याच्या व्यवस्थेत सापडतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात वणव्याला तीन धनी आहेत. सरकारी जंगलाची जबाबदारी तेव्हा उद्यान आणि वन्यजीव खात्याकडे होती. शहरांची आणि मोठ्या आपत्तींची जबाबदारी अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा खात्याची. शेतजमिनी आणि खेडी 1954 च्या कायद्यानुसार स्थानिक परिषदांकडे येतात आणि परिषदांच्या वतीने आगीसमोर उभे राहतात ते गावोगावचे स्वयंसेवक: शेतकरी, शिक्षक, मेकॅनिक. यार्लूपची ही आग पहिल्या धन्याच्या हद्दीत पेटली, वाढली तशी तिची सूत्रं दुसऱ्याकडे गेली, आणि जळाली ती तिसऱ्याची गावं.

चौकशीसाठी सरकारने युअन फर्ग्युसन यांना नेमलं. व्हिक्टोरिया राज्याच्या ग्रामीण अग्निशमन दलाचं प्रमुखपद त्यांनी सांभाळलं होतं, त्यामुळे स्वयंसेवकांचं जग त्यांना आतून माहीत होतं. त्यांचा अहवाल एका रात्रीतल्या चुका मोजून थांबला नाही. आग लागल्यावर धावण्यावर राज्याचा सगळा भर आहे, ती लागण्याआधीच्या कामावर नाही, असं त्यांनी ठामपणे मांडलं आणि ग्रामीण वणव्यांसाठी वेगळी सेवा उभारण्याची शिफारस केली.

आगीआधीचं हे काम म्हणजे काय, हे यार्लूपजवळच्या डोंगररांगेतल्या ड्वेलिंगअपने 1961 मध्ये शिकवलं होतं. ते गाव जानेवारीत जळालं, शाही चौकशी आयोग बसला, आणि थंड हवेत ताब्यातली आग लावून जंगलातला सुका पाला कमी करण्याच्या सरकारी कामाला जोर आला. या कामाला माणसं लागतात, आणि ती जाणती लागतात. 2011 च्या नोव्हेंबरात मार्गारेट रिव्हरजवळ मुद्दाम लावलेली अशीच आग हाताबाहेर गेली आणि तिने अनेक घरं गिळली. वारा, उतार, पाल्यातला ओलावा यांचा अंदाज वर्षानुवर्षं एकाच मुलखात राहून येतो. दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या अधिकाऱ्याकडून त्याची अपेक्षा करणं अन्याय आहे.

माझा आक्षेप इथेच आहे. सरकारच्या ताळेबंदात ग्रामीण स्वयंसेवक म्हणजे पगार न द्यावं लागणारं मनुष्यबळ. शेतं मोठी झाली, यंत्रं आली, राबणारे हात घटले, तरुण खाणींकडे आणि पर्थकडे गेले. उरलेल्यांवर बंब चालवायचा, प्रशिक्षणाचे दाखले मिळवायचे, कागद भरायचे आणि हंगामाआधी रस्त्याकडेचं गवतही जाळायचं, असा भार पडतो. आग लागली की हा माणूस कोणी न सांगता जाणारच. 17 नोव्हेंबर 2015 ला एस्परन्सच्या गव्हाच्या पट्ट्यात चौघांचा जीव गेला. त्यांतला एक शेतकरी शेजाऱ्यांना सावध करत फिरत होता. अशा माणसांच्या पाठीशी पगारी माणसं उभी करायला हवीत: जोखमीचे आराखडे करणारी, शिकवणारी, पाला जाळण्याच्या तारखा ठरवणारी, कागद सांभाळणारी. सरकारला कर्मचारीभरतीचा आकडा दाखवायचा असेल, तर तो या माणसांचा दाखवावा.

पगारी माणसांना पैसा लागतो, आणि दुसरं दुखणं त्या पैशावरच्या देखरेखीचं आहे. मालमत्ताधारकांकडून 2003 पासून आपत्कालीन सेवांसाठी वेगळी पट्टी गोळा होते. तिच्यातला मोठा वाटा ज्या अग्निशमन खात्यावर खर्च होतो, तेच खातं ती वाटायलाही बसतं. आपली तिजोरी आपणच तपासायची, ही सोय कोणत्याही खात्याला देऊ नये. राज्याच्या आर्थिक नियामकाने 2017 मध्ये या पट्टीचा आढावा घेतला, तेव्हा तिच्यावरची देखरेख खात्याबाहेर न्यावी असंच सुचवलं.

सरकारने 2018 मध्ये 3 कोटी 46 लाख डॉलरांची योजना जाहीर केली. तिच्यातून ग्रामीण अग्नी विभाग आणि वणव्यांचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, पाला कमी करण्याला पैसा मिळाला. हे काम खरं आहे आणि त्याने गावं सुरक्षित झाली असतील. पण तो विभाग जुन्याच खात्याच्या पोटात ठेवला गेला. स्वयंसेवकांच्या संघटनेने स्वतंत्र सेवा मागितली होती, फर्ग्युसन यांनीही ती एक पर्याय म्हणून सुचवली होती. ग्रामीण सेवेला खात्याबाहेरचा प्रमुख, स्वतःचं अंदाजपत्रक आणि विधिमंडळाला थेट उत्तर देण्याचं बंधन मिळत नाही, तोवर पश्चिम ऑस्ट्रेलियाने यार्लूपचं देणं अर्धंच फेडलं आहे.