रथाचा जबाब कोण देणार?

मी ज्या कॉलेजात शिकलो त्याला राजाचं नाव आहे, आणि ते ज्या परिसरात आहे त्याला भिक्खूचं. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलं. भोवतालचा परिसर नागसेनवन. तासाला बसायचं ते प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाखाली, सायकल लावायची ती उत्तर देणाऱ्याच्या सावलीत. त्या वयात त्याचं काही विशेष वाटलं नाही. आता सॅन होझेच्या गॅरेजात १९७५ची होंडा सीबी ७५० कापून ठेवली आहे, आणि ते दोघे रोज संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसतात.

त्यांचा संवाद बहुतेकांना ऐकून माहीत असतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, पालीतला मिलिंद. त्याला भिक्खू नागसेन विचारतो, महाराज, आपण पायी आलात की रथातून? रथातून. मग दांडा म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? हे सगळं मिळून? की या सगळ्याहून वेगळं काही? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की हे सगळं असताना व्यवहारात जे नाव पडतं ते ‘रथ’. नागसेन म्हणतो, माझंही तसंच. ‘नागसेन’ हे नाव आहे, आत कुणी बसलेला नाही.

हे पटायला मला गॅरेजची फरशी लागली. चॉपर म्हणजे कापून नव्यानं बांधलेली मोटरसायकल. ती घरी बांधायला फार काही लागत नाही: अँगल ग्राइंडर, हॅक्सॉ, अर्धगोल कानस, ड्रिल, एक साधं वेल्डिंग मशीन, गुण्या, ओळंबा आणि सुतळी. मागचा स्विंगआर्म आणि दोन्ही शॉकअब्सॉर्बर काढायचे, सीटखाली फ्रेम कापायची आणि तिथे मागच्या चाकापर्यंत उतरणाऱ्या सरळ नळ्या जोडायच्या, म्हणजे गाडी स्प्रिंगविना ताठ होते. कापलेल्या नळीच्या पोकळीत चपखल बसणारा लोखंडी गाभा घालतात, अर्धा जुन्या नळीत, अर्धा नव्या. बाजूने भोकं पाडून त्यांतून वेल्ड गाभ्यापर्यंत भरतात, मग सांध्याभोवती फिरवतात. पूर्ण वेल्ड एकदम मारायचं नसतं. आधी टाके, एक डावीकडे, एक उजवीकडे. कारण वेल्ड थंड होताना आक्रसतं आणि नळीला आपल्याकडे ओढतं. प्रत्येक टाक्यानंतर पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी ताणून बघायची.

आमच्या सौ.नी दारात उभं राहून विचारलं, “अहो, अर्धी गाडी भंगारात दिलीत. आता ही तीच गाडी, की दुसरी?” त्यांना उत्तर नको होतं, गॅरेज रिकामं हवं होतं. पण प्रश्न मिलिंदाचाच होता.

सरकारकडे याचं उत्तर तयार आहे. या होंडाचा फ्रेम नंबर पुढे, हँडलचा दांडा ज्या नळीतून जातो त्या मानेवर ठोकलेला आहे. इंजिनचा नंबर वेगळा आणि तो इंजिनावर. टाकी, चाकं, इंजिन, काहीही बदला. मान शाबूत तर गाडी तीच. १९७० पूर्वीच्या हार्लींचं उलट होतं. त्यांच्या फ्रेमवर ओळखीचा नंबरच नसे, नंबर इंजिनावर आणि कागद त्याच नंबराचा. म्हणजे एकाच देशात एका वर्षी गाडीचा आत्मा इंजिनात होता आणि पुढच्या वर्षी तो मानेत आला! आणि कॅलिफोर्नियात सुटे भाग जमवून कुणी गाडीच बांधली, तर पोलिसांच्या तपासणीनंतर राज्य तिला नवा नंबर देतं. आत्मा खिडकीवर अर्ज करून मिळतो हे आमच्या भिक्खूंनाही सुचलं नसतं.

या नंबराला हसून झाल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा होतो आणि नागसेनाला एक गोष्ट जोडून द्यावीशी वाटते. ती म्हणजे ट्रेल. पुढचा फोर्क तिरका असतो. त्याच्या मानेतून जाणारी रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला टायरच्या थोडी पुढे टेकते. ती जागा आणि टायर प्रत्यक्ष टेकतो ती जागा, यांतलं अंतर म्हणजे ट्रेल. चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर आणि फोर्कचा ऑफसेट ६० मिलिमीटर धरला, तर ३० अंशांच्या कलाला ट्रेल येतो सुमारे १२७ मिलिमीटर. मान कापून कल ४० अंश केला की तोच २०७ होतो. पहिली गाडी बोटानं वळते. दुसरी हमरस्त्यावर बाणासारखी सरळ जाते, पण पार्किंगमध्ये वळवताना चाक एका बाजूला धप्पकन कोसळायला बघतं आणि खांदे भरून येतात.

आता मला सांगा, हा ट्रेल गाडीच्या कुठल्या भागात आहे? फोर्कमध्ये नाही, चाकात नाही, फ्रेममध्ये नाही. तो काढून बाकावर ठेवता येत नाही. जमिनीवरच्या दोन बिंदूंमधली ती मोकळी जागा आहे, आणि तरी गाडीचा सगळा स्वभाव तिथे आहे. हे असताना ते होतं, हे बदललं की ते बदलतं. प्रतीत्यसमुत्पाद मला पुस्तकात कधी इतका स्वच्छ दिसला नाही. आत कुणी बसलेला नाही हे नागसेनाचं म्हणणं खरं, पण म्हणून तिथे नुसतं नावच उरतं असंही नाही. नातं उरतं, आणि ते मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

इथवर मन रमतं. अडचण पुढे आहे, आणि ती मिलिंदानंही काढली होती. आत्मा नाही, तर केलेल्या कर्माचं फळ कोण भोगणार? मरणारा एक, जन्मणारा दुसरा. मग पापी सुटलाच की! नागसेन त्याला आंब्याच्या चोराची गोष्ट सांगतो. चोर पकडला जातो आणि म्हणतो, यानं जमिनीत पुरला तो आंबा वेगळा, मी झाडावरून तोडले ते वेगळे. मी याचं काही चोरलं नाही. राजा म्हणतो, तो दोषीच, कारण त्या आंब्यातूनच हे आंबे आले.

रथाचा दृष्टान्त सगळ्यांच्या तोंडी आहे, आंब्याचा फारसा नाही. मला मात्र गाडी कापताना दुसराच कामाचा वाटतो. ‘ही तीच आहे का’ या प्रश्नावर जन्मभर चर्चा करता येते. ‘हा सांधा कुणी जोडला’ या प्रश्नावर चर्चा होत नाही. उद्या तो सत्तर मैलांच्या वेगात सुटला आणि मागच्या सीटवर कुणी बसलेलं असलं, तर गाडी जुनी नव्हती, नवीही नव्हती, हा युक्तिवाद त्या आंबेचोराचा होईल. मानेवरच्या नंबराचा अर्थ मला आता तिथे लागतो. तो गाडीचा आत्मा नव्हे, जबाब मागायला कुठे यायचं त्याचा पत्ता आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. संभाजीनगरचा माझा बुलेटवेडा पुतण्या त्यावर चिडतो. मी त्याला म्हणतो, बाळा, कायदा विचारतोय ते एवढंच की तू मोडलेल्या जागेचा धनी कोण?

जबाबात दोष येतो तसं श्रेयही येतं. जगातला सर्वांत प्रसिद्ध चॉपर ‘ईझी रायडर’ या १९६९च्या चित्रपटातला, टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला. पोलिसांकडून निकाली निघालेल्या जुन्या हार्ली घेऊन त्या गाड्या घडवल्या क्लिफ वॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीयांनी. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नाहीत. कित्येक दशकं ती कुणाला ठाऊकही नव्हती. पुढे २०१४ मध्ये त्यातली म्हणून एक गाडी लिलावात आली, साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली, आणि भांडण पेटलं की खरी हीच का, कारण ‘खरी’ म्हणवणारी दुसरीही एक होती. म्हणजे तीच का, यावर लाखो डॉलरचा वाद. आणि केली कुणी, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

नागसेन इथेही वेगळा वागला. रथाचा दृष्टान्त त्याचा स्वतःचा नव्हता. वाट चुकवायला आलेल्या माराला उत्तर देताना भिक्खुनी वजिरेनं तो आधीच वापरला होता, आणि राजाशी वाद जिंकल्याच्या क्षणी नागसेनानं तिचं नाव घेऊन तसं सांगितलं. आत्मा मानत नाही असा माणूस श्रेय मात्र नेमक्या माणसाला देतो. मला यात विसंगती दिसत नाही. आत कायमचं कुणी नाही म्हणूनच कोणी काय केलं याची नोंद नीट ठेवावी लागते; ती राखायला दुसरं कुणी नाही.

तेव्हा सौ.च्या प्रश्नाला माझं उत्तर असं: ती तीच नाही आणि दुसरीही नाही, आणि तिच्या मागच्या अर्ध्या भागाबद्दल विचारायचं ते मला विचारा. गॅरेजात एक वही ठेवली आहे. फ्रेम कुठे कापली, नळी किती जाडीची, गाभा किती लांब, कुठला सांधा मी मारला आणि कुठला शेजारच्या निवृत्त वेल्डरनं, हे सगळं तिच्यात नावानिशी आहे. गाडी विकेन तेव्हा मालकीच्या कागदाबरोबर ही वहीही द्यायची, आणि घेणाऱ्याला सांगायचं की पुढचं पान तुझं.